घोड खोऱ्यातील नौकाविहार : अडवलेल्या पाण्याचा इतिहास

एखाद्या स्नेहमंडळाने अख्खी नौका स्वतःपुरती ठरवावी, सोबत फराळाची व गाण्याबजावण्याची सोय करावी आणि शहराच्या मध्यातून जाणाऱ्या कालव्यांवर दोन-चार तास विहार करावा, ही करमणूक व्हेनिस आणि आम्स्टरडॅम या शहरांमुळे जगभर परिचित झाली आहे. आम्स्टरडॅममधील कालव्यांची वलये १६१३ पासून पुढे खोदली गेली तेव्हा करमणुकीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. दलदलीच्या जमिनीतील पाण्याचा निचरा करणे, व्यापाऱ्यांचा माल थेट वखारीच्या दारापर्यंत आणणे आणि वाढत्या शहरासाठी बांधकामयोग्य भूखंड तयार करणे, हे त्यामागचे हेतू होते, आणि मालवाहतूक दुसऱ्या मार्गांनी होऊ लागल्यावर त्याच पाण्यावर सहलीच्या नौकांची गर्दी झाली. तेथे जमीन सपाट आणि पाण्याची पातळी बारा महिने जवळजवळ सारखी असल्यामुळे, मालासाठी खोदलेला मार्ग सहलीसाठीही आपोआप उपलब्ध झाला.

दख्खनच्या पठारावर असा योग जुळून आला नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके आणि आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले घोडेगाव यांचा विचार केला, तर येथे नदी आहे, कालवा आहे आणि मोठा जलाशयही आहे. तरीही नौकेतून विहार करण्याची प्रथा या तिन्हींपैकी नदीवर पावसाळ्यापुरती राहिली, कालव्यावर कधी आलीच नाही आणि जलाशयावर आली ती विस्थापनाच्या मागोमाग. याचे कारण पाण्याच्या मालकीत आणि वाटपात सापडते. दख्खनमध्ये नौका चालेल एवढे पाणी एका जागी राहावे लागते ते कोणीतरी अडवल्यावरच, आणि ज्याने पाणी अडवले त्याच्या हेतूवरच त्यावर नौका कोणाची व किती काळ चालेल हे ठरत आले आहे.

नदी, उतार आणि तर

घोड नदी सह्याद्रीत आहुपे गावाच्या परिसरात उगम पावते, घोडेगावच्या काठाने पूर्वेकडे वाहत जाते, वाटेत मीना व कुकडी या जुन्नर भागातून येणाऱ्या नद्यांचे पाणी घेते आणि पुढे भीमेला मिळते. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड आणि पूर्वेकडील शिरूरच्या पट्ट्यात अगदी तुटपुंजा, अशी या खोऱ्याची रचना असल्यामुळे धरणे होण्यापूर्वी नदीचे रूप वर्षात दोनदा पालटत असे. आषाढ-श्रावणात ती दुथडी भरून वाहे आणि मार्गशीर्षानंतर तिच्या पात्रात वाळू, खडक व मधूनमधून डोह एवढेच उरत. आठ महिने नदी पायी किंवा बैलगाडीने ओलांडली जाई. पात्र जेथे उथळ व तळ टणक असेल अशा जागेस उतार म्हणत, आणि जुने रस्ते पुष्कळदा अशा उतारांकडे पाहूनच आखलेले असत.

उरलेल्या चार महिन्यांत माणसांना पलीकडे नेण्याची सोय म्हणजे तर. तर हा शब्द नदी ओलांडण्याच्या ठरावीक जागेसाठी आणि तेथे चालणाऱ्या नावेसाठी असा दोन्ही अर्थांनी वापरला जाई. नाव नसेल तेथे सांगड चाले; लाकडाचे ओंडके किंवा वाळलेले मोठे भोपळे दोरांनी एकत्र बांधून केलेला हा तराफा असे, आणि तो पोहत पोहत ढकलत नेणारा माणूसच त्याचे वल्हे व सुकाणू या दोहोंचे काम करी. नदीकाठच्या गावांत हे काम बहुधा कोळी समाजाकडे असे, आणि बलुतेदारांच्या काही याद्यांत पाणी भरणारा कोळी येतो त्याचा संबंधही याच नदीकाठच्या कामाशी जोडता येतो. घोड खोऱ्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळी हे मात्र डोंगरउतारावरील शेती, हिरड्यासारखा वनोपज आणि जंगल यांवर जगणारे लोक होते. नाव कोळी असले तरी जाळे आणि होडी ही त्यांची परंपरागत साधने नव्हती, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ब्रिटिश राजवटीत तरीच्या व्यवहाराला कायद्याची चौकट मिळाली. १८६८ च्या मुंबई फेरी कायद्यान्वये सरकारला एखादी तर सार्वजनिक म्हणून जाहीर करता येऊ लागली, तिचे दर ठरवता येऊ लागले आणि ती चालवण्याचा हक्क मक्त्याने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रकमेवर, देता येऊ लागला. तर ही माणशी पैसे देऊन वापरायची सोय होती, त्यामुळे अख्खी नाव एका मंडळीने ठरवण्याचा प्रसंग लग्नाचे वऱ्हाड, जत्रा किंवा वारी अशा वेळीच येई. करमणुकीची सामुदायिक नौकासहल या प्रदेशात प्रथम याच निमित्तांनी घडली.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण घोडेचे पाणी भीमेतून जेथे पोहोचते त्या पंढरपुरात आढळते. तेथे भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठल नदीपात्रातील विष्णुपदावर वास्तव्यास जातो अशी श्रद्धा आहे. त्या महिन्यात गावातील कुटुंबे व परगावचे भाविक विष्णुपदाकडे आणि जवळच्या गोपाळपूरकडे जातात, तेथे वनभोजन करतात, आणि पात्रात पाणी असेल तर हा प्रवास कोळी नावाड्यांच्या होड्यांतून होतो. शिदोरी, भजन आणि सगळ्या आळीने मिळून ठरवलेली होडी असे या सहलीचे स्वरूप असते. तिचा काळही पात्रात पुरेसे पाणी आणि आकाश निरभ्र अशा मोजक्या आठवड्यांशी जुळलेला आहे. आता मात्र पंढरपूरच्या पात्रातील पाणी १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणातून किती सोडले जाते यावर बरेचसे अवलंबून असते, त्यामुळे ही जुनी प्रथाही अडवलेल्या पाण्याच्याच हिशेबात आली आहे.

पर्वतीचे तळे : दरबाराची खासगी नौका

केवळ विहारासाठी नौका बाळगण्याइतके स्थिर पाणी पुणे परिसरात प्रथम निर्माण झाले ते पेशवाईत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि त्यानंतर टेकडीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून सुमारे २५ एकरांचे तळे करवले. तळ्याच्या मध्यभागी बेट राखण्यात आले, तेथे बाग लावली गेली, आणि सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत १७८४ मध्ये त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. तळ्यातला गणपती या नावाने तो आजही ओळखला जातो. बेटाकडे जायचे ते नावेतून, आणि त्यामुळे देवदर्शन, बागेतील विश्रांती व जलविहार या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत साधत.

या नौकाविहाराविषयी पुण्यात एक परंपरा सांगितली जाते. पेशवे आपल्या मुत्सद्द्यांसह तळ्याच्या मध्यावर जाऊन राजकीय खलबते करीत आणि अशा वेळी वल्ही मारण्यासाठी मराठी न समजणारे हबशी नावाडी नेमलेले असत, अशी ही कथा आहे. तिच्या तपशिलाकडे परंपरा म्हणूनच पाहावे लागेल, तथापि खासगी नौकेचे जे मुख्य आकर्षण, म्हणजे काठावरच्या गर्दीपासून अलग होऊन निवडक माणसांनी एकत्र बसणे, ते या कथेत नेमके पकडलेले आहे. शिवाय तळे सरकारी, नावा सरकारी आणि बेटावरील बागही सरकारी असल्यामुळे त्या पाण्यावर कोण जाणार हे दरबारच ठरवी; सामान्य रयतेचा संबंध गणपतीच्या दर्शनापुरता होता. विसाव्या शतकात तळे बुजवण्यात येऊन त्याजागी सारसबागेचे उद्यान झाले. सत्ता पालटली, पाणी राखण्याचे प्रयोजन संपले आणि पाणी गेले, हा क्रम दख्खनमधील तलावांच्या इतिहासात वारंवार दिसतो.

सातारच्या छत्रपतींनी, म्हणजे अप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये महाबळेश्वरला बांधवलेला वेण्णा तलाव हे याच्या उलट घडलेले उदाहरण होय. झऱ्यांचे पाणी अडवून गावाची गरज भागवण्यासाठी केलेला हा तलाव थंड हवेच्या ठिकाणाच्या वाढत्या वर्दळीमुळे टिकला, आणि तासाच्या हिशेबाने होडी भाड्याने घेण्याची पद्धत मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. घोडेगाव किंवा जुन्नरच्या कुटुंबाने सहलीत होडीत बसण्याचा पहिला अनुभव बहुधा आपल्या नदीवर न घेता महाबळेश्वरीच घेतला, असे म्हणण्यास यामुळे जागा आहे.

बंधारा आणि बोट क्लब

पुण्यातील दुसरे स्थिर पाणी छावणीच्या गरजेतून निर्माण झाले. मुळा व मुठा यांच्या संगमाच्या खाली येरवड्याजवळ सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून बांधलेला बंधारा १८५० मध्ये पूर्ण झाला. लष्करी छावणीला पाणी पुरवणे हा त्याचा उद्देश होता, परंतु त्याच्या पाठीमागे नदीचे पात्र लांबवर तुंबून राहिल्यामुळे संगमापर्यंतचा पट्टा नौकांसाठी योग्य झाला. काठावर बंड गार्डन हा बगीचा झाला, १८६० च्या दशकाअखेर गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा पूल उभा राहिला आणि १८६८ मध्ये स्थापन झालेला बोट क्लब पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या नावाने रॉयल कॅनॉट बोट क्लब म्हणून प्रसिद्धीस आला. बंधाऱ्याच्या पाण्यावरील शर्यती, संध्याकाळचे बँडवादन आणि काठावरच्या मेजवान्या हा छावणीतील युरोपीय समाजाच्या जीवनाचा भाग होता. सभासदांच्या वर्गणीतून नौका बाळगायच्या, त्यांची देखभाल नोकरांकडे सोपवायची आणि सभासदाने आपल्या पाहुण्यांसह त्या वापरायच्या, ही खासगी नौकासहलीची संस्थात्मक पद्धत पुणे जिल्ह्यात प्रथम येथे आली.

एतद्देशीय तरुणांच्या हाती वल्ही आली ती शिक्षणसंस्थेच्या मार्गाने. १८५४ पासून चालत आलेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला संगमाजवळची जागा लाभली होती, आणि तेथील बोट क्लबने १९२८ पासून रेगाटा, म्हणजे नौकांच्या शर्यती व कवायतींचा वार्षिक सोहळा, रूढ केला. कयाक व पंट यांच्या रांगा, बाणाच्या टोकासारखी केलेली रचना आणि अंधार पडल्यावर मशालींची कवायत ही त्याची ओळख बनली. नौका चालवणे हे चाकरीचे काम न राहता विद्यार्थ्याने स्वतः शिकायचे कौशल्य झाले, हा या सोहळ्याने घडवलेला बदल होय. तथापि तोही बंधाऱ्याने तुंबवलेल्या पाण्याच्या मर्यादित पट्ट्यातच बांधलेला राहिला आणि शहराच्या आत शिरू शकला नाही.

नौकेविना कालवे

शहराच्या आत पाणी आले ते मुठा कालव्याने. कर्नल फाइफ यांच्या योजनेनुसार खडकवासला येथे दगडी धरण बांधण्यात आले, १८७९ मध्ये ते काम पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाला फाइफ तलाव असे नाव मिळाले. त्यातून निघणारा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेट व एम्प्रेस गार्डनच्या बाजूने हडपसरकडे जातो, म्हणजे नकाशावर पाहता पुण्याच्या पोटातून जाणारा हा जलमार्गच आहे. असे असूनही त्यावर सहलीची किंवा मालाची नौका चालली नाही, आणि त्याची कारणे त्या काळच्या भारतातील एका मोठ्या वादाशी निगडित आहेत.

गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात धवळेश्वरम येथे बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन यांचे मत असे होते की, कालवे सिंचन आणि वाहतूक या दोन्ही कामांसाठीच खोदावेत आणि रेल्वेपेक्षा जलमार्गांवर सरकारने अधिक खर्च करावा; १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश संसदेच्या समितीपुढेही त्यांनी हा मुद्दा मांडला. गोदावरीच्या कालव्यांवर नावा चालत होत्याच, १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावरही नौकानयनाची तरतूद होती, आणि उत्तर हिंदुस्थानासाठीच्या १८७३ च्या कालवा कायद्यात कालव्यांवरील नौकांसाठी स्वतंत्र प्रकरणच होते. पूर्व किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याचे काम तर दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी पुढे नेण्यात आले आणि तो प्रामुख्याने नावांसाठीच होता. त्याच दुष्काळात पुणे जिल्ह्यात मजुरांच्या हातून जे काम सुरू झाले ते नीरा डाव्या कालव्याचे. तो १८८५ मध्ये वाहू लागला आणि त्याचा हेतू सिंचनाचा होता. दुष्काळ एकच, मजुरांची गरज एकच, पण मद्रासकडे त्यातून नौकेचा मार्ग साकारला आणि दख्खनमध्ये शेतीचा पाट.

हा फरक भूरचनेने घडवला. नौकेसाठी कालव्यातील पाणी संथ आणि खोल असावे लागते व पातळीत फरक पडेल तेथे जलपाश बांधावा लागतो. जलपाश म्हणजे दोन दारांमधील असा हौद की ज्यात नौका घेऊन पाणी चढवले किंवा उतरवले म्हणजे नौका वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर जाऊ शकते. दख्खनमधील कालवा डोंगराच्या कुशीतून समपातळी रेषेने वळणे घेत जातो, त्याला ठिकठिकाणी ओढे ओलांडावे लागतात, पाण्याचा वेग आवरण्यासाठी मधूनमधून पडत्या, म्हणजे पायरीसारखे टप्पे, ठेवाव्या लागतात आणि त्यावरील पूल इतके ठेंगणे असतात की माणूस उभा असलेली नाव त्याखालून जाणे कठीण. याहून मोठी अडचण पाळीची. कालव्यात पाणी सदासर्वदा नसते. धरणातून ठरावीक काळ पाणी सोडायचे, ते शेवटच्या चारीपर्यंत पोहोचवायचे आणि मग दारे बंद करायची, या चक्राला आवर्तन म्हणतात आणि दोन आवर्तनांच्या मध्ये कालवा कोरडा पडतो. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने उभी केलेली आणि १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने पुढे चालवलेली व्यवस्था पाणीमागणी, पाणीपट्टी आणि पाण्याचा बेकायदा उपसा यांभोवतीच फिरत राहिली.

अशा रीतीने कालव्याच्या प्रत्येक घनफुटाचा हिशेब पिकाशी बांधला गेला. पुण्याने मुठा कालव्याकडे कायम पाठ फिरवूनच बांधकाम केले. त्याच्या काठावर वस्त्या दाटल्या, पाण्यात कचरा साचला, आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरात पाणी घुसले तेव्हा शहराला त्याचे अस्तित्व जाणवले. पुढे खडकवासला ते फुरसुंगी असा बोगदा काढून कालव्याचे पाणी जमिनीखालून नेण्याची योजना आखण्यात आली, आणि आम्स्टरडॅमप्रमाणे शहरातील कालव्यावर नौका ठरवण्याची उरलीसुरली शक्यताही त्यामुळे मिटण्याच्या मार्गास लागली.

डिंभे : बुडालेल्या गावावरची होडी

घोडेगावच्या परिसरातून जाणारा डिंभे उजवा कालवा हा याच व्यवस्थेचा विस्तार आहे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे असून त्यांचे पाणी पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्यांना दिले जाते. डिंभ्याचा डावा कालवा तर येडगावच्या जलाशयाला पाणी पुरवण्याचे काम करतो. घोडेगावच्या पश्चिमेस घोड नदीवर बांधलेल्या डिंभे धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी. आवर्तन केव्हा व किती दिवसांचे असावे यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दर वर्षी खल होतो, आणि डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याच्या प्रस्तावावरून तालुक्यातालुक्यांत उठलेला वाद पाहिला म्हणजे या साठ्यातील थेंबनथेंब आधीच कोणाच्या तरी नावावर पडलेला असतो हे स्पष्ट होते.

जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडवताना तिच्याखाली चिरडले जाऊन हुतात्मा झाले. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले ते जुने आंबेगाव या जलाशयात बुडाले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालत राहिला. धरणाने खोऱ्यातील भातखाचरे, वाटा आणि उतार पाण्याखाली नेले, त्यामुळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असलेल्या वाड्या जलाशयाच्या दोन काठांवर विभागल्या गेल्या. पूर्वी पावसाळ्यापुरती लागणारी होडी आता बाजार, दवाखाना आणि शाळा यांसाठी वर्षभर लागू लागली. या खोऱ्यात नौकेचा बारमाही वापर सुरू झाला तो असा, निरुपायाने.

त्यानंतर महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांनी जाळे आणि वल्हे हाताळण्यास शिकणे हे या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय स्थित्यंतर म्हणावे लागेल. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या शाश्वत या संस्थेच्या पाठबळावर येथील आदिवासींनी जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संस्थेकडे यावा यासाठी प्रयत्न केले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचा हक्क मागितला आणि डोंगरउतारावर पडकई, म्हणजे दगडी बांध घालून खाचरे तयार करण्याचे काम, हाती घेतले. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संलग्न असलेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. शेती गमावलेल्या माणसाने त्याच शेतावर साचलेल्या पाण्यात होडी घालून उपजीविका करावी, यात पुनर्वसनाची उणीव आणि समाजाची जिद्द या दोन्हींची नोंद आहे.

सहल आखताना

भीमाशंकरला जाणारा रस्ता मंचर, घोडेगाव, शिनोली आणि डिंभे या मार्गाने पोखरीच्या घाटाकडे चढतो, आणि घाटातून जलाशयाचा विस्तार दिसू लागताच यात्रेकरूंच्या मनात नौकाविहाराचा विचार येणे साहजिक आहे. पंधरा-वीस जणांच्या मंडळाने अशी सहल आखायची म्हटल्यास या प्रदेशाच्या इतिहासातून आलेले प्रश्न त्याच्यापुढे त्याच क्रमाने उभे राहतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो आणि काठ हिरवे असतात, म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सोयीचा. त्यानंतर आवर्तने सुरू झाली की पातळी उतरत जाते, काठावर चिखलाचा रुंद पट्टा पडून होडीपर्यंत पोहोचणेच अवघड होते आणि बुडीत घरांच्या भिंती व झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठाजवळ येऊन होडीच्या तळाला धोका निर्माण होतो. दुसरा प्रश्न परवानगीचा. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत, मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडे, आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या नौकेची नोंदणी व तपासणी अंतर्देशीय जलयान कायद्याच्या कक्षेत येते. १९१७ च्या वाफेच्या नौकांसाठीच्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या या कायद्यात नौकेची नोंदणी, चालकांची पात्रता आणि सुरक्षेची साधने यांसंबंधी तरतुदी आहेत. मासेमारीसाठी बांधलेली होडी आणि प्रवासी नेण्यासाठी मान्यता मिळालेली नौका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते.

तिसरा प्रश्न नावाड्याचा. जाणता नावाडी माणसे मोजून घेतो, वजनदार माणसांना मध्यभागी व तळाशी बसवतो, दोन्ही बाजूंचा भार सारखा झाला की नाही हे होडीच्या कडेचा किती भाग पाण्याबाहेर राहिला यावरून पाहतो, आणि छायाचित्रासाठी सगळे एकाच बाजूला सरकू लागले की त्यांना दरडावून जागेवर बसवतो. वाऱ्याची दिशा पालटली, पश्चिमेकडे आभाळ भरून आले की तो पैशाचा विचार न करता काठ गाठतो. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, आणि धरणाचे पाणी तळ्यासारखे शांत दिसत असले तरी त्यावर उठणारी लाट नदीपेक्षा वेगळी असते हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. जीवरक्षक जाकीट हे त्यामुळे भाड्याच्या घासाघिशीत सोडून देण्याची बाब राहत नाही.

मेजवानीविषयीही पाण्याचा हेतूच मर्यादा घालतो. याच साठ्यातून गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना चालतात, म्हणून पत्रावळी, बाटल्या आणि खरकटे पाण्यात टाकणे म्हणजे खालच्या गावांच्या हंड्यात टाकणेच होय. आणि मद्यपान करून होडीत बसणे हे तर धोक्याचे टोक. पंढरपूरच्या वनभोजनाची जुनी रीत या बाबतीत शहाणपणाची होती, कारण तेथे होडी प्रवासासाठी आणि जेवण काठावर असा विभाग आपोआप झालेला होता. डिंभ्याच्या काठच्या गावात तांदळाची भाकरी, माशांचे कालवण किंवा शाकाहारी जेवण सांगून ठेवले आणि होडीत केवळ पाणी व किरकोळ खाऊ नेला, तर सहल सुरक्षित होते आणि पैसाही काठावर राहतो.

पाण्याचा वाटा आणि नौकेचा हक्क

पर्वतीच्या तळ्यावर दरबाराची, बंधाऱ्यावर छावणीची आणि पुढे महाविद्यालयाची नौका चालली. कालव्यावर कोणाचीच चालली नाही, कारण तेथे पाणी पिकांसाठी मोजून दिलेले होते. हा क्रम लक्षात घेतला म्हणजे डिंभ्यावरील नौकाविहाराचा प्रश्न पर्यटनाच्या आराखड्यापुरता मर्यादित राहत नाही. पाणी अडवल्याचा लाभ खालच्या तालुक्यांना उसाच्या व भाजीपाल्याच्या रूपाने मिळाला, शहरांना दूध व बाजार मिळाला, आणि पाणी अडवण्यासाठी ज्यांची खाचरे गेली त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने मासे आणि होडी आली. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, सहकारी संस्थेचा अनुभव आहे आणि जलाशयाचा तळ पायाखालच्या वाटेइतका माहीत असलेली पिढी अजून हयात आहे. त्यामुळे प्रवासी नौकांचे परवाने, प्रशिक्षण आणि विमा यांची सोय प्रथम याच लोकांसाठी झाली, तर मूळ रहिवाशाच्या वाट्याला केवळ वल्हे मारण्याची मजुरी न येता नौकेची मालकीही येईल. सहल ठरवणाऱ्या मंडळाने नावाड्याचे भाडे विचारताना होडी कोणाची आहे हेही विचारावे, कारण या खोऱ्यात पाण्यावरील करमणुकीचा खरा खर्च कोणी सोसला याचे उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नातच मिळते.